यंत्रांची हजेरी

गेल्या वर्षीं दिवाळीच्या सुटीपूर्वीं आम्ही नववीच्या वर्गास घेऊन एक दुधाची डेअरी पाहावयास गेलों होतों. दूध तापविण्याच्या यंत्रापासून तीस-चाळीस पावलांवर कांचेची एक खोली होती. तींत टेबलावर एक संगणक ठेवलेला होता आणि त्याच्या पडद्यावर प्रत्येक टाकीचें व प्रत्येक नळीचें तापमान अंकांनीं उमटत होतें. मुलें कौतुकानें पाहात उभीं होतीं. इतक्यांत वर्गांतील एका मुलीनें विचारलें, "सर, दूध तिकडे आणि संगणक इकडे, मग दुधाचें तापमान त्याला कोण सांगतें? आणि सांगणारा चुकला, किंवा मुळींच गप्प बसला, तर त्याला तें कळतें कसें?"

प्रश्नाच्या पूर्वार्धाचें उत्तर सोपें होतें, तें मीं दिलें. उत्तरार्धाचें उत्तर मला त्या वेळीं नीट देतां आलें नाहीं. "शाळेंत गेल्यावर सांगतों" असें म्हणून मीं वेळ मारून नेली. त्यानंतर तेथील इंजिनियरांस पुन्हां भेटून, पुस्तकें चाळून आणि आपल्या प्रयोगशाळेंत दोन तारांवर थोडी खटपट करून जें समजलें, तें आज या वार्षिकांतून सांगत आहें. ऋण उशिरां फेडीत आहें, याबद्दल त्या विद्यार्थिनीनें क्षमा करावी.

प्रथम हा प्रश्न महत्त्वाचा कां, तें पाहूं. कच्च्या दुधांत क्षयासारख्या रोगांचे जंतु असूं शकतात. ते मरावे म्हणून डेअरींत दूध निदान ७२ अंश सेंटिग्रेडपर्यंत तापवून निदान १५ सेकंद त्या तापमानांत ठेवतात व लगेच थंड करतात. या क्रियेस लुई पाश्चर या शास्त्रज्ञाच्या नांवावरून पाश्चरीकरण म्हणतात. ७२ च्या ठिकाणीं तापमान ६२ झालें आणि पडद्यावर मात्र ७२ च दिसत राहिलें, तर तें दूध सकाळीं कोणाच्या घरीं जाईल, याचा विचार पालकांनींच करावा. तेव्हां तारेवरून येणारा आंकडा खरा आहे कीं नाहीं, हा केवळ यंत्रशास्त्राचा प्रश्न नव्हे.

दुधाच्या नळींत एक शलाका बसविलेली असते व तिच्यांत प्लॅटिनमची बारीक तार असते. ० अंशावर या तारेचा विद्युद्रोध १०० ओम असतो. ७२ अंशांवर तो सुमारें १२८ ओम होतो. शेजारच्या पेटींतलें उपकरण हा रोध मोजतें, त्यावरून तापमान काढतें आणि तें एका आंकड्याच्या रूपानें आपल्यापाशीं जपून ठेवतें. आतां प्रश्न उरला तो हा आंकडा संगणकापर्यंत नेण्याचा.

पूर्वीं, आणि अद्यापहि पुष्कळ कारखान्यांत, ही बातमी विजेच्या प्रवाहाच्या कमीअधिक प्रमाणानें सांगतात. तापमान सर्वांत कमी असेल तर तारेंतून ४ मिलिअँपियर प्रवाह जातो. सर्वांत अधिक असेल तर २०. आरंभ शून्यापासून न करतां चारापासून कां केला? तार तुटली म्हणजे प्रवाह शून्य होतो. आरंभच शून्यापासून केला असता, तर तुटलेली तार व थंड दूध यांतील भेद कळला नसता. चारापासून आरंभ केल्यामुळें शून्य याचा अर्थ एकच उरतो: तार तुटली किंवा उपकरण बंद पडलें. ही युक्ति ध्यानांत ठेवा; पुढें तिचा उपयोग आहे. या पद्धतींत दोष एवढाच, कीं प्रत्येक उपकरणास तारांची वेगळी जोडी लागते व त्या जोडीवरून बहुधा एकच गोष्ट कळवितां येते. पन्नास उपकरणें असलीं तर पन्नास जोड्या भिंतीवरून न्याव्या लागतात.

म्हणून दुसरा मार्ग निघाला. प्रवाहाचें माप न पाठवितां आंकडाच लिहून पाठवावयाचा. संगणकास दोनच खुणा कळतात, ० आणि १. अशा एका खुणेस बिट म्हणतात व आठ बिट मिळून एक बाइट होतो. आठ बिट पाठविण्यासाठीं आठ तारा घालून ते सर्व एकदम पाठवावे, ही एक रीत. एकाच तारेवरून ते एकामागून एक पाठवावे, ही दुसरी. पहिलीस समांतर रीत म्हणतात व दुसरीस क्रमिक रीत. कारखान्यांत मात्र 'सीरियल' हा इंग्रजी शब्दच ऐकूं येतो. शाळा सुटल्यावर रुंद फाटकांतून आठ मुलें एकदम बाहेर पडतात. तींच मुलें पुढें शेताच्या बांधावरून एकामागून एक चालतात. फाटक जलद खरें, पण फाटकाएवढा रुंद रस्ता गांवापर्यंत कोण बांधणार? तारेचेंहि तसेंच आहे. लांब अंतरावर आठ तारा महाग पडतात. शिवाय आठहि खुणा पलीकडे नेमक्या एकाच क्षणीं पोहोंचतील, याचाहि भरंवसा राहात नाहीं.

हा क्रमिक मार्ग कांहीं आजचा नव्हे. आपल्या आजोबांच्या घरीं ज्या 'तारा' येत, त्या याच मार्गानें. भारतांतील ती तारसेवा जुलै २०१३ मध्यें बंद झाली. पण तिचे संस्कार आजच्या संगणकांतहि शिल्लक आहेत. फ्रान्सच्या तारखात्यांत एमिल बोदो (१८४५-१९०३) नांवाचे एक गृहस्थ होते. मोर्स साहेबांच्या लिपींत कांहीं अक्षरें आंखूड व कांहीं लांब असतात. तीं यंत्रास वाचण्यास कठीण जातात. बोदो यांनीं प्रत्येक अक्षरास सारख्या लांबीच्या पांच खुणा ठरवून दिल्या आणि १८७४ सालीं आपल्या तारयंत्राचें पेटंट घेतलें. तारेवरून सेकंदास किती खुणा जातात हें मोजण्याच्या परिमाणास आजहि त्यांच्या नांवावरून 'बॉड' असें म्हणतात.

आतां एक अक्षर तारेवरून कसें जातें तें पाहूं. इंग्रजी वर्णमालेंतील पहिलें मोठें अक्षर घ्या. १९६३ मध्यें अमेरिकेंत ठरलेल्या कोष्टकांत त्याचा क्रमांक ६५ आहे. ६५ म्हणजे ६४ अधिक १. दोनांच्या पटींत मांडल्यास तो ०१०००००१ असा लिहिला जातो. तारेवर एकं स्थानाचा बिट आधीं निघतो, म्हणून खुणा १, ०, ०, ०, ०, ०, १, ० या क्रमानें जातात.

पण ऐकणाऱ्यास अक्षराचा आरंभ केव्हां झाला हें कळणार कसें? त्यासाठीं असा करार आहे, कीं कोणी बोलत नसतांना तारेवर सतत '१' ची स्थिति ठेवावी. जुन्या टेलिप्रिंटरच्या तारेंतहि निवांत वेळीं प्रवाह चालू ठेवीत. तो थांबला तर तार तुटल्याचें कळे. मघांची चार मिलिअँपियरांची युक्ति ती हीच. अक्षर सुरू होण्यापूर्वीं तार एका बिटापुरती '०' वर येते. हा आरंभाचा बिट. राजाच्या पुढें भालदार ललकारी देत जावा तसा तो पुढें येतो. मागून आठ बिट येतात. त्यांच्यामागें पडताळ्याचा एक बिट येतो, त्याविषयीं पुढें सांगेन. शेवटीं तार पुन्हां '१' वर जाते. तो समाप्तीचा बिट. असे अकरा बिट मिळून एक बाइट तारेवरून जातो. नेहमींच्या ९६०० बॉड गतीनें एक बिट तारेवर सुमारें १०४ मायक्रोसेकंद राहतो आणि सेकंदास सुमारें ८७० बाइट जातात.

येथें एक सूक्ष्म अडचण आहे. बोलणाऱ्यापाशीं एक घड्याळ आहे व ऐकणाऱ्यापाशीं दुसरें. दोहोंस जोडणारी वेगळी तार नाहीं. दोन घड्याळें कधींच तंतोतंत जुळत नाहींत. मग ऐकणारा बिट मोजतो कसे? आरंभाच्या बिटाची धार दिसतांच तो आपलें घड्याळ सुरू करतो, अर्धा बिट थांबतो आणि तेथून पुढें प्रत्येक बिटाच्या बरोबर मध्यावर तारेकडे पाहातो. अकरावा बिट येईपर्यंत साडेदहा बिटांचा काळ लोटतो. तेवढ्या काळांत चूक अर्ध्या बिटाहून कमी राहिली, म्हणजे दोन घड्याळांतील फरक शेंकडा पांचांच्या आंत राहिला, तर वाचन बिनचूक होतें. पुढच्या अक्षरास घड्याळ पुन्हां नव्यानें लावलें जातें, त्यामुळें चूक साठत जात नाहीं. ज्याचें घड्याळ रोज थोडें मागें पडतें त्यानें तें रोज सकाळीं शाळेच्या घंटेवर लावून घ्यावें, तसाच हा प्रकार आहे.

आतां '०' व '१' यांस तारेवर कोणतें रूप द्यावें, तें पाहूं. १९६० मध्यें अमेरिकेंत आर. एस. २३२ नांवाचें एक प्रमाण ठरलें. त्यांत ३ ते १५ व्होल्टपर्यंतचा धन दाब म्हणजे '०' व तितकाच ऋण दाब म्हणजे '१' असें धरतात. मधल्या पट्ट्यांतील दाबास कांहींच अर्थ नसतो. संगणक व त्याशेजारचें एकच यंत्र जोडण्यास ही रीत फार सोयीची ठरली. अनेक वर्षें प्रत्येक संगणकाच्या पाठीमागें तिची जागा असे. पण तिची मजल साधारणतः १५ मीटर. शिवाय कारखान्यांत मोठमोठे पंप व शीतयंत्रें सुरू होतात, बंद पडतात. त्यांच्या विजेचे झटके शेजारच्या तारेंत उमटतात आणि '१' चा '०' होऊन बसतो.

यावर १९८३ मध्यें ठरलेल्या आर. एस. ४८५ या प्रमाणानें मोठा सुंदर उपाय योजला आहे. त्यांत खूण एका तारेवर न पाठवितां पीळ घातलेल्या दोन तारांवर पाठवितात. एकीवरचा दाब चढला कीं दुसरीवरचा उतरतो, आणि ऐकणारा दोहोंमधील फरक तेवढा पाहातो. दोन मुलें एका होडींत उभीं आहेत, एक उंच, एक ठेंगणा, असें समजा. लाट आली म्हणजे दोघेहि सारखेच वर जातात, सारखेच खालीं येतात. पण उंच कोण व ठेंगणा कोण, हें लाटेमुळें बदलत नाहीं. पंपाचा झटका ही लाट होय. पिळामुळें दोन्ही तारा एकमेकींस इतक्या लगटून असतात, कीं झटका दोघींस सारखाच बसतो व फरक जवळजवळ कायम राहातो. हा फरक ०.२ व्होल्ट इतका थोडा असला तरी ऐकणाऱ्यास पुरतो. यामुळें कमी गतीनें हीच तारांची जोडी १२०० मीटरपर्यंत नेतां येते व मूळ प्रमाणाप्रमाणें तिच्यावर ३२ उपकरणें जोडतां येतात. जोडीच्या दोन्ही टोकांस १२० ओमांचा एकेक रोध लावतात. तो न लावल्यास डोंगराच्या कड्यावर हांक आदळून परत यावी तशी खूण टोकावर आदळून परत येते व पुढच्या खुणेंत मिसळते.

पन्नास जोड्यांच्या जागीं आतां एकच जोडी आली. पण तिच्याबरोबर नवी अडचणहि आली. एकाच जोडीवर वीस उपकरणें आहेत. तीं सर्व एकदम बोलूं लागलीं तर कोणाचेंच कांहीं कळणार नाहीं. शिक्षक वर्गांत नसतांना कसा गलबला होतो, हें विद्यार्थ्यांस मी सांगावयास नकोच! त्यावरचा उपायहि शाळेंतलाच आहे. शिक्षक हजेरी घेतात. ज्याचा क्रमांक पुकारला जाईल त्यानेंच 'हजर' म्हणावें, इतरांनीं ऐकावें व गप्प राहावें. १९७९ मध्यें अमेरिकेंतील मोडिकॉन या कंपनीनें 'मॉडबस' नांवाची एक संभाषणरीति प्रसिद्ध केली. जगांतील असंख्य कारखान्यांत आजहि चालणारी ही रीति म्हणजे थेट हजेरीच आहे. प्रत्येक उपकरणास १ ते २४७ पैकीं एक क्रमांक दिलेला असतो. संगणक एकेकाचा क्रमांक घेऊन प्रश्न विचारतो आणि त्या क्रमांकाचें उपकरण तेवढें उत्तर देतें. न विचारतां कोणी बोलावयाचें नाहीं. चुकून दोन उपकरणांस एकच क्रमांक दिला, तर दोघेंहि एकदम उत्तर देतात व गोंधळ होतो. इंजिनियर म्हणाले, नवें उपकरण बसविल्यावर कांहीं बिघडलें तर ते प्रथम हेंच तपासून पाहातात.

एक खरा प्रश्न वाचून पाहूं. संगणक आठ बाइट पाठवितो: १, ३, ०, ०, ०, १, १३२, १०. पहिला १ हा उपकरणाचा क्रमांक. ३ म्हणजे 'तुझ्या वहींतील नोंद वाचून दाखव' ही आज्ञा. पुढचे दोन बाइट कोणत्या नोंदीपासून वाचावयाचें तें सांगतात. येथें अगदीं पहिल्या, म्हणजे शून्य क्रमांकाच्या नोंदीपासून. नंतरचे ० व १ मिळून 'एकच नोंद' असा अर्थ होतो. शेवटचे दोन बाइट, १३२ व १०, पडताळ्याचे आहेत. उत्तर येतें: १, ३, २, २, २१३ व पुन्हां पडताळ्याचे दोन बाइट. म्हणजे 'मी क्रमांक १. तूं मला नोंद वाचावयास सांगितलीस. दोन बाइटांचें उत्तर देतों. तें २ व २१३.' एका बाइटांत २५५ पर्यंतचीच संख्या मावते, म्हणून मोठी संख्या दोन बाइटांत लिहितात. २ गुणिले २५६ अधिक २१३ बरोबर ७२५. आणि ७२५ म्हणजे ७२.५ अंश, कारण या उपकरणानें अंशाचे दहावे भाग मोजावयाचे असें ठरलेलें आहे. अशी नोंदच नसेल तर उपकरण ३ च्या जागीं १३१, म्हणजे ३ अधिक १२८, हा आंकडा पाठवून 'हें मला जमत नाहीं' असें स्पष्ट कळवितें. एका प्रश्नोत्तरास मधल्या विश्रांतीसह सुमारें २५ मिलिसेकंद लागतात. उपकरणास विचार करण्यास लागणारा काळ वेगळा. वीस उपकरणांची हजेरी त्या हिशेबानें अर्ध्या सेकंदाहून थोडी अधिक वेळांत पुरी होते.

आतां त्या मुलीच्या प्रश्नाकडे वळूं. सांगणारा चुकला तर कळतें कसें?

पहिला पहारा प्रत्येक बाइटाबरोबर जाणाऱ्या पडताळ्याच्या बिटाचा. आठ बिटांतील व पडताळ्यांतील '१' मिळून त्यांची संख्या नेहमीं सम असावी, असा करार करतात. आपल्या मघांच्या अक्षरांत '१' दोन आहेत. संख्या समच आहे, म्हणून पडताळ्याचा बिट ०. वाटेंत एक बिट उलटला तर संख्या विषम होते व चोरी उघडकीस येते. पण दोन बिट उलटले तर संख्या पुन्हां सम होते आणि पहारेकरी फसतो.

म्हणून दुसरा पहारा सर्व संदेशावर असतो. तुम्हीं गुणाकाराचा ताळा नवानें पाहिला असेल. संख्येस नवानें भागून उरणारी बाकी ही तिची एक ओळख असते. पण ७२५ च्या जागीं ७२५ चेच अंक उलटसुलट करून कोणीं ७५२ लिहिलें, तर दोहोंची बाकी ५ च येते व नवाचा ताळा चूक पकडूं शकत नाहीं. मॉडबसमध्यें सर्व संदेश ही एक भलीमोठी संख्या मानून तिला एका ठरीव, मोठ्या भाजकानें, हातचे न घेतां, विशेष रीतीनें भागतात. उरणारी सोळा बिटांची बाकी संदेशाच्या शेवटीं जोडतात. वरील प्रश्नांतील १३२ व १० ते हेच. ऐकणारा हाच भागाकार स्वतः करून आपली बाकी आलेल्या बाकीशीं ताडून पाहातो. एक बिट उलटला, किंवा सलग सोळा बिटांच्या आंत कितीहि बिट बिघडले, तरी ही चूक निश्चित पकडली जाते. बाकी जुळली नाहीं तर उपकरण त्या संदेशास उत्तरच देत नाहीं. अर्धवट ऐकलेल्या प्रश्नास अंदाजानें उत्तर देण्यापेक्षां गप्प राहाणें बरें, असा त्याचा नियम आहे. संगणक तोच प्रश्न पुन्हां विचारतो.

राहिला शेवटचा भाग: सांगणारा गप्पच बसला तर? हें मी माझ्या फजितीच्या गोष्टीनें सांगतों. त्या इंजिनियरांनीं शाळेस एक जुनें तापमापक उपकरण प्रयोगासाठीं दिलें होतें. मीं संगणकासाठीं छोटीशी आज्ञावली लिहिली: प्रश्न पाठवावा, उत्तर आलें व बाकी जुळली तर पडद्यावरचा आंकडा बदलावा. हवेंतील तापमान २८.४ असें सुरेख उमटलें व मला फार आनंद झाला. दुसऱ्या दिवशीं वर्गासमोर शलाका गरम पाण्यांत बुडविली. पडदा म्हणाला २८.४. मीं मुलांस सांगितलें, "थांबा, शलाका तापण्यास वेळ लागतो." पांच मिनिटें झालीं, तरी २८.४. शेवटीं मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "सर, काल असतें तेंच आज कसें? दशांशसुद्धां हालत नाहीं." पाहातों तों तारेचा स्क्रू ढिला होऊन एक तार निसटली होती. उपकरण केव्हांच गप्प झालें होतें आणि माझी आज्ञावली त्याचें जुनेंच उत्तर नवें म्हणून मिरवीत होती. आज्ञावलींत 'उत्तर आलें तर काय' एवढेंच मीं लिहिलें होतें. 'न आलें तर काय' हें लिहावयाचें राहिलें होतें.

मीं शलाका पेल्यांत बुडविली होती म्हणून हंशा पिकला; ती दुधाच्या नळींत असती तर हंसण्यासारखें कांहीं नव्हतें. नीट लिहिलेल्या आज्ञावलींत प्रत्येक प्रश्नास कालमर्यादा असते. तेवढ्यांत उत्तर न आल्यास संगणक तोच प्रश्न आणखी दोन-तीन वेळां विचारतो. तरीहि उत्तर न आलें तर पडद्यावरचा जुना आंकडा पुसून टाकतो, त्या जागीं रेघा मारतो व घंटा वाजवितो. चार मिलिअँपियरांच्या तारेंत शून्य म्हणजे 'तार तुटली' हें जसें आपोआप कळे, तसें येथें आपोआप कळत नाहीं. तें माणसानें आठवणीनें लिहून ठेवावें लागतें. डेअरींत तर याहूनहि अधिक काळजी घेतात. तेथें एक झडप अशी असते, कीं दूध पुरेसें तापलें नाहीं तर ती तें पुढें न सोडतां परत मागच्या टाकीकडे वळविते. ही झडप दूरच्या संगणकाच्या परवानगीची वाट पाहात नाहीं.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावांचून हा विषय पुरा होणार नाहीं. संदेश एकहि बिट न बिघडतां पोहोंचला, तरी त्याचा अर्थ बिघडूं शकतो. तारेवरून ७२५ एवढेंच जातें. दशांशचिन्ह जात नाहीं, 'अंश' हा शब्दहि जात नाहीं. त्याचा अर्थ ७२.५ अंश हा दोन्ही पक्षांनीं आधीं ठरवून घेतलेला असतो. हा करार विसरला तर काय होतें, याचें मोठें उदाहरण १९९९ सालीं घडलें. अमेरिकेचें 'मार्स क्लायमेट ऑर्बिटर' हें यान त्या वर्षीं सप्टेंबरांत मंगळापाशीं पोहोंचतांच नष्ट झालें. पृथ्वीवरील एक आज्ञावली जोराचें माप पौंडांच्या हिशेबानें लिहीत होती व दुसरी तेंच न्यूटनांचें समजून वाचीत होती. आंकडे बरोबर पोहोंचत होते. एकक मात्र कोणीं विचारलें नाहीं. उत्तरपत्रिकेंत एकक न लिहिल्याबद्दल मी अर्धा गुण कापतों तेव्हां कित्येक विद्यार्थ्यांचे चेहरे उतरतात. त्यांनीं या यानाची आठवण ठेवावी.

आतां संगणकाच्या पाठीमागची ती जुनी जागा बहुतेक नाहींशी झाली आहे. तिच्या ठिकाणीं १९९६ मध्यें आलेली यू. एस. बी. ही जोडणी दिसते. पण तिच्या नांवांतील मधलें अक्षर 'सीरियल' याच शब्दाचें आहे. कारखान्यांत जलद जाळीं आलीं, तरी उपकरणापाशीं पाहावें तों पुष्कळदां तीच पिळाची जोडी, तोच मॉडबस व तीच हजेरी आढळते. ज्या विद्यार्थ्यांस पुढें या कामांत पडावयाचें असेल त्यांनीं दोनांच्या पटींतील अंकगणित व भागाकारांतील बाकी यांकडे आतांपासून लक्ष द्यावें. तो अभ्यास केवळ परीक्षेपुरता नाहीं, हें येथवर दिसलेंच असेल.

आणि जिनें तो प्रश्न विचारला, तिला एवढेंच सांगावयाचें. उपकरण चुकलें तर ताळ्यावरून कळतें. उपकरण गप्प बसलें तर ठरल्या वेळीं उत्तर न आल्यावरून कळतें. पण त्या मौनाचा अर्थ 'सर्व ठीक आहे' असा न करण्याची शिकवण संगणकास माणसानेंच द्यावी लागते. मीं ती दिली नव्हती; मागच्या बाकावरच्या मुलानें ती चूक दाखवून दिली. पुढच्या सहलीस तुम्ही दोघांनीं पहिल्या रांगेंत उभें राहावें, अशी माझी इच्छा आहे.